न लिहिलेल्या चार ओळी

साखर कारखान्यातल्या सेंट्रीफ्यूगल मशिनचं झाकण कधी उघडू द्यायचं, हे ठरवण्यात माझ्या नोकरीची सत्तावीस वर्षं गेली. एवढंच काम होतं का, असं कोणी विचारलं तर जवळजवळ एवढंच होतं.

ज्यांनी कारखाना आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. उसाचा रस आटवत आटवत शेवटी दाणे धरलेला घट्ट तपकिरी पाक होतो. तो जाळीच्या मोठ्या पिंपात सोडतात आणि पिंप मिनिटाला हजारावर फेऱ्यांनी फिरवतात. मळी जाळीतून बाहेर फेकली जाते, साखर आत भिंतीला चिकटून राहते. मग पिंपाला ब्रेक लागतो, पिंप थांबतं, झाकणाचं कुलूप सुटतं, हिरवा दिवा लागतो आणि ऑपरेटर झाकण उघडून लाकडी फळीने उरलेली साखर खरवडून काढतो. पिंप फिरत असताना ते कुलूप सुटता कामा नये. हे बघणारा एक लहानसा इलेक्ट्रॉनिक बोर्ड मशिनच्या बाजूला लावलेला असतो. तो बोर्ड आम्ही सांगलीजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये बनवत असू. अकरा माणसं आणि मालक, एवढी कंपनी. मालकांना सगळे काका म्हणत. बोर्डावरच्या चिपने काय करायचं, ते लिहिणारा मी एकटाच.

मी ते असेंब्लीत लिहीत असे. चिपची स्वतःची जी बोली असते तिच्या सर्वांत जवळची ही भाषा. यात एकेक हालचाल सांगावी लागते. या कप्प्यातला आकडा त्या कप्प्यात ठेव, त्यातून एक वजा कर, शून्य झाला का बघ, झाला असेल तर अमुक ओळीवर जा. चिपच्या हाताशी असे आठच कप्पे. त्यांना रजिस्टर म्हणतात, पण आपण कप्पेच म्हणू. कोणता कप्पा कशासाठी ठेवायचा हे लिहिणाऱ्याने ठरवायचं आणि ध्यानात ठेवायचं. माझं सगळं काम दोन हजार अक्षरांच्या जागेत बसत असे. आज मोबाइलवरचा सकाळचा एक शुभेच्छांचा फोटो त्याच्या शंभरपट जागा खातो. मला या गोष्टीचा अभिमान होता, तो मी लपवतही नसे.

कारखान्यांची गिऱ्हाइकी मात्र विचित्र. साताऱ्याकडच्या एका कारखान्यातून हंगामाच्या पहिल्या दिवशी फोन आला, मशिन फिरतंच नाही. एसटीने गेलो. बोर्डाची पूजा झाली होती, हळदीकुंकू लावलेलं, आणि झेंडूचा हार नेमका वेग मोजणाऱ्या सेन्सरवर चढवलेला. हार तारेत ओवलेला होता. सेन्सरला लोखंड दिसत होतं ते त्या तारेचं, पिंपाचं नाही. मी हार उचलून बाजूच्या खिळ्याला अडकवला आणि मशिन चालू झालं. तिथला फोरमन म्हणाला, "सायेब, देवाला हालवायचं नसतं." त्यानंतर दर हंगामाला मी आधीच कळवत असे की हार दोऱ्यात ओवा.

अकरा वर्षं माझा प्रोग्रॅम असा चालला. मग कारखान्यांना बोर्डावर छोटा पडदा पाहिजे झाला, शिफ्टचा अहवाल पाहिजे झाला, संगणकाला जोडणी पाहिजे झाली. असेंब्लीत हे सगळं करायचं म्हणजे माझी दोन वर्षं गेली असती. काका म्हणाले, "विनायक, तुला उद्या काही झालं तर तुझं लिहिलेलं वाचणार कोण?" आणि त्यांनी सुवर्णाला घेतलं.

सुवर्णा सरगर आटपाडीकडची. वडील मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरतीवर. ती मावशीकडे राहून शिकली, सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर झाली. आमच्याकडे आली तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांची, आधी पुण्यात चार वर्षं नोकरी केलेली. कमी बोलणारी. तिने सांगितलं की नवा प्रोग्रॅम सी भाषेत लिहू.

सी म्हणजे वरच्या पातळीची भाषा. तिच्यात माणसाला कळेल असं लिहायचं, 'वेग शून्य असेल तर कुलूप सोड', आणि कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्रॅम त्याच्या चिपला कळणाऱ्या हालचाली करून देतो. कोणत्या कप्प्यात काय ठेवायचं हे कंपायलर ठरवतो. मला नेमकं हेच सोसत नव्हतं. मी काकांसमोर म्हणालो, "जे मी माझ्या हाताने लिहिलं नाही, त्याच्या भरवशावर मी कुणाला पिंपात हात घालू देणार नाही."

सुवर्णा म्हणाली, "सर, हाताने लिहिलेल्यातही चूक होते. सीमध्ये ती दुसऱ्याला सापडायची शक्यता जास्त असते."

शेवटी तोडगा निघाला. बाकी सगळं ती सीमध्ये लिहील, पण वेग मोजणारा तुकडा, ज्याला आम्ही रूटीन म्हणतो, तो माझा, असेंब्लीतला, जसाच्या तसा राहील. पिंप फिरताना सेन्सरकडून विजेचा ठोका आला की चिप हातातलं काम सोडून त्या तुकड्याकडे धावते, ठोका मोजते आणि परत येते. सेकंदाला कितीतरी वेळा हे होतं. सीमध्ये ते संथ होईल, असं माझं म्हणणं होतं. मोजून पाहिलं नव्हतं.

चार महिन्यांत तिचा प्रोग्रॅम तयार झाला. बोर्ड कारखान्याला जायच्या आदल्या आठवड्यात ती माझ्या टेबलापाशी आली. "सर, तुमच्या वेगाच्या रूटीनबद्दल एक विचारायचं होतं."

मी मान वर न करता म्हणालो, "त्याबद्दल काही विचारायचं नाही. ते अकरा वर्षं चाललंय. त्याला हात लावायचा नाही."

ती आपल्या टेबलाकडे परत गेली.

कृष्णाकाठच्या एका कारखान्यात नवे सहा बोर्ड बसले. दोन महिने सगळं ठीक होतं. मग एका दुपारी, दुसरी शिफ्ट नुकतीच लागलेली असताना, चार नंबरच्या मशिनवर ब्रेक लागलेला, पिंप अजून फिरत असताना हिरवा दिवा लागला आणि कुलूप सुटलं. ते कुलूप एकदा सुटलं की झाकण पुन्हा मिटेपर्यंत लागत नाही. आतून वाफ येत असते, शेजारच्या पाच मशिनांचा घोंगाट असतो. ऑपरेटरने दिव्याकडे बघून झाकण उघडलं आणि नेहमीप्रमाणे फळी आत घातली. पिंपाने फळी ओढली आणि फळीबरोबर उजवा हात कोपराच्या वरपर्यंत.

ऑपरेटरचं नाव दिनकरराव. पलटणीत सतरा वर्षं काढून आलेला माणूस, इस्लामपूरच्या पलीकडच्या गावचा. हात वाचला नाही. मिरजेच्या दवाखान्यात तो काढावा लागला.

मी दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो. बोर्ड काढला, तार न् तार तपासली. काही सापडलं नाही. परतलो तेव्हा काका शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "चूक कुठं आहे?"

मी म्हणालो, "अकरा वर्षं चालत होतं. आता चाललं नाही. मधे बदललं काय? भाषा."

सुवर्णा मागेच उभी होती. तिच्या हातात पेन्सिलने खुणा केलेले दोन कागद होते. ती म्हणाली, "चूक भाषेत नसते, सर. मी दाखवते, दोन मिनिटं बघा."

मी म्हणालो, "आता दाखवून त्याचा हात परत येणार आहे का?"

हे वाक्य मी अजून विसरलो नाही. ते ऐकून सगळे गप्प झाले, आणि गप्प करण्यासाठीच ते मी बोललो होतो. कागद तिच्या हातात तसेच राहिले.

चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांना एक पान लिहून द्यायचं होतं. ते मी लिहिलं. 'नवीन प्रणालीत सी भाषेत लिहिलेल्या भागात दोष असल्याने वेगाचे चुकीचे वाचन झाले. जुनी प्रणाली पुन्हा बसवण्यात येत आहे.' खाली माझी सही. सहाही मशिनांत माझ्या जुन्या चिप परत बसवल्या आणि अर्थातच पुन्हा काही झालं नाही. ते न होणं हाच पुरावा धरला गेला. सुवर्णाने महिन्याभरात नोकरी सोडली. आमच्या भागात हा धंदा करणारी माणसं मोजकीच, सगळ्यांना सगळं कळतं. तिला कोणी घेतलं नाही. लग्न होऊन ती विट्याच्या एका गलाई करणाऱ्या घरात गेली आणि नवऱ्याबरोबर तमिळनाडूत, त्यांच्या सोनं गाळायच्या दुकानाच्या गावी, एवढं कानावर आलं. दिनकररावांना भेटायला मी गेलो नाही. कंपनीतर्फे काका गेले होते, ते पुरे आहे असं मी स्वतःला समजावलं.

मी निवृत्त झालो. विश्रामबागेत दोन खोल्यांत राहतो. गेल्या वर्षी इथल्या एका कॉलेजने भाषणाला बोलावलं. विषय मीच सुचवला, असेंब्ली चांगली की वरच्या पातळीच्या भाषा. बोलायला मला फार आवडतं अशातला भाग नाही, पण या विषयावर आवडतं. नमुना म्हणून मी माझं वेगाचं रूटीन भिंतीवर मोठं करून दाखवलं. एकोणतीस ओळी. एकही ओळ फालतू नाही, असं म्हणालो.

पहिल्या रांगेत तिथेच शिकवणाऱ्या कदम मॅडम बसल्या होत्या. त्यांनी अगदी सहज विचारलं, "सर, इथे सहावा आणि सातवा कप्पा वापरलाय. त्यांतलं आधी बाजूला ठेवून शेवटी परत भरायला हवं ना? त्या ओळी दिसत नाहीत."

मी म्हणालो, "गरज नव्हती. हे दोन कप्पे माझ्या मुख्य प्रोग्रॅममध्ये मी कुठेच वापरत नव्हतो."

"तुमच्या प्रोग्रॅममध्ये," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं, त्या टिपून घेत होत्या.

मी भिंतीकडे बघत राहिलो. पुढे काय बोललो ते आठवत नाही. बोललो मात्र, कारण शेवटी टाळ्या झाल्या.

जे मला त्या क्षणी कळलं ते असं. तुम्ही टेबलावर दोन वाट्यांत काही मोजून ठेवलंय. कोणी घाईने आत आला, त्याच वाट्या रिकाम्या करून वापरल्या आणि तशाच ठेवून गेला. तुम्ही वळून बघता तर वाट्या रिकाम्या. दुसऱ्याच्या वाट्या वापरायच्या तर आधी त्यातलं बाजूला काढायचं आणि जाताना परत भरून ठेवायचं, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. त्यासाठी चार ओळी लागतात. मी त्या लिहिल्या नव्हत्या, कारण माझ्या घरात त्या दोन वाट्यांना दुसरं कोणी हात लावत नसे. सुवर्णाच्या प्रोग्रॅममध्ये कंपायलर मोजलेला वेग नेमका त्याच दोन कप्प्यांत आणून ठेवत असे. तिथे ठेवल्यापासून वाचेपर्यंतच्या एवढ्याशा फटीत सेन्सरचा ठोका आला, की माझं रूटीन कप्पे शून्य करून जाई. वेग शून्य. कुलूप सुटलं. कित्येक दिवसांत एखाद्या वेळी होणारी गोष्ट, आणि ब्रेक लागलेला असतानाच घातक.

तरी मला खात्री पाहिजे होती. जुन्या सामानात तिचा प्रोग्रॅम होता, एक बोर्डही होता. पंख्याच्या मोटरवर लोखंडी चाक बसवून सेन्सर लावला आणि जेवणाच्या टेबलावर ते फिरवत ठेवलं. पाच सेकंद ब्रेक, मग पुन्हा वेग, असं आपोआप चालू. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, चाक माझ्यासमोर गरगरत असताना, हिरवा दिवा लागला. बायको कुकर लावत होती. तिने विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं, "त्या माणसाचा हात मी काढला." तिने गॅस बंद केला आणि समोर येऊन बसली.

सुवर्णा परत विट्याला आल्याचं कळलं होतं. मुलांच्या शाळेसाठी ती गावी राहते, घरी दहावी-बारावीची गणितं शिकवते. मी गेलो. वीस वर्षांनी भेटत होतो. तिने ओळखलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी काय सापडलं ते सांगितलं आणि जुना अहवाल खोटा होता असं लिहिलेलं, सही केलेलं पत्र तिच्यापुढे ठेवलं.

तिने ते दोनदा वाचलं. म्हणाली, "हेच त्या दोन कागदांत होतं, सर. आणि बोर्ड जायच्या आदल्या आठवड्यात हेच विचारायला आले होते."

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"तुमचं चुकलं ते पाच मिनिटांचं काम होतं. चार ओळी. तेवढ्यासाठी मी तुमच्यावर राग धरला नसता." ती पत्राची घडी करत म्हणाली, "माझंही चुकलं. तुम्ही नको म्हणालात आणि मी गप्प बसले. प्रोग्रॅम माझा होता. मी तो बाहेर जाऊ द्यायला नको होता. दिनकररावांना मी दवाखान्यात जाऊन तसं सांगून आले."

"त्यांना सांगितलंस?"

"पाचव्या दिवशी. तुम्ही भेटलात त्यांना?"

"नाही."

"अजून नाही?"

मी नकारार्थी मान हलवली.

ती म्हणाली, "मग माझ्याकडे आधी कशाला आलात, सर?"

दुसऱ्या दिवशी मी दिनकररावांच्या गावी गेलो. ते गोठ्यात होते, डाव्या हाताने वैरण टाकत होते. उजव्या बाहीला गाठ मारलेली. मी कोण ते सांगितलं. त्यांनी फळीवर जागा करून दिली. मी रूटीन, कप्पे, सगळं सांगायला लागलो तसे ते म्हणाले, "आवं सायेब, ते मला न्हाई कळायचं. चूक तुमची व्हती, एवढंच ना?"

"होय."

"ती बाई आली हुती तवा. रडत हुती. म्हणाली, चूक माझी हाय. मला तवाच वाटलं, ही कुनाचं तरी वझं घेऊन आलीया." मग त्यांनी म्हशीपुढे आणखी वैरण टाकली. "सतरा वरसं बाडरवर काढली. आख्खा घरी आलो. आन् हितं, आपल्याच गावच्या शेजारी."

मी निघायला उठलो तेव्हा त्यांनी विचारलं, "ते तुमचं जे काय हाय ते, आता कुठं कुठं लावलंय?"

"जुनं आहे ते. आता बंद झालं असेल."

"असंल म्हंजी? बगितलंय का?"

बघितलं नव्हतं. तिथूनच मी काकांकडे गेलो. काका आता अंथरुणावर आहेत, पण डोकं शाबूत आहे. मी विचारलं, मी निवृत्त झाल्यावर बोर्डांचं काय केलंत? ते म्हणाले, "पुन्हा सीमध्येच करावं लागलं रे. पुण्याच्या एकाकडून करून घेतलं. तुझा वेगाचा तुकडा मात्र तसाच ठेवला. वर लिहून ठेवलं होतं, विनायक सरांचं रूटीन, हात लावू नये."

असे तेवीस बोर्ड गेले होते. कोणत्या कारखान्याला किती, ते काकांनी उशाला टेकून आठवून सांगितलं, मी लिहून घेतलं. त्यांनी विचारलं, "आता कशाला उकरतोस?" मी सांगितल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडले.

चार ओळी सुवर्णाने लिहिल्या. मी लिहितो म्हणालो होतो. ती म्हणाली, "नको सर. या वेळी मी लिहिते, आणि ते तुम्ही तपासा." तपासून मी सही केली, तिने सही केली. मग नव्या चिप डबीत घालून मी कारखान्याकारखान्यांत हिंडलो. सातारा, सांगली, खाली कर्नाटकात. काही ठिकाणी गेटवरच अडवलं. एका चीफ इंजिनियरने विचारलं, "इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होणार?" त्याला मी दिनकररावांचं सांगितलं आणि तो स्वतः मला मशिनपर्यंत घेऊन गेला. दोन ठिकाणी ऑपरेटर म्हणाले की हिरवा दिवा मधूनच लागतो, त्यांना सवय झाली आहे.

बावीस बोर्ड बदलले. तेविसावा सापडत नाही. तो ज्या कारखान्यात होता तो बंद पडला, मशिनं भंगारात निघाली. त्यातलं एक मशिन चालू स्थितीत, बोर्डासकट, कुठल्याशा खांडसरीने, म्हणजे साखरेच्या छोट्या कारखान्याने नेलं, इतकं कळलं. कुठली खांडसरी, कोणत्या जिल्ह्यातली, कोणालाच सांगता येत नाही.

दिवाळी अंकासाठी आठवणी लिहा असं संपादक तीन वर्षं म्हणत होते. यंदा मी होकार दिला तो यासाठी. हा अंक कुठे कुठे जातो मला ठाऊक नाही, पण जिथे ऊस आहे तिथे तो जात असणार. तुमच्या किंवा तुमच्या माणसाच्या मशिनला राखाडी पेटीतला बोर्ड असेल, त्याच्या पडद्याखाली एक लाल आणि एक हिरवा दिवा असेल आणि पेटीच्या आत कोपऱ्यात 'व्ही ३' असं छापलेलं असेल, तर मशिन थांबवा आणि या अंकाच्या पत्त्यावर कळवा. मी येऊन चिप बदलून देईन. मी येईपर्यंत हिरवा दिवा लागला तरी झाकण उघडू नका. पिंप फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, थांबलेला डोळ्यांनी दिसू द्या, मगच आत हात घाला.